पूर्वसूचना, चुना आणि हजेरीपुस्तक : पलसाणा परिसराच्या संदर्भात कारखाना-तपासणीचा इतिहास

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांना छेदतात ते कडोदरा हे गाव सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात येते. कडोदरा, वरेली, जोळवा, तांतीथैया या गावांच्या शिवारात आज कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने, यंत्रमागांच्या शेड आणि पॅकिंगचे कारखाने उभे आहेत. चलथाणचा सहकारी साखर कारखानाही याच तालुक्यातला. सुरत परिसरातील कामगारवर्गात उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशातील लोकांबरोबर धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडून आलेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्यामुळे या तालुक्यातील कारखान्यांचा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

सरकारी सुरक्षा-तपासणी येणार असे कळले की कारखान्यात एक ठराविक धावपळ सुरू होते. फरशी धुतली जाते, भिंतींना चुना लागतो, पट्ट्यांवरच्या जाळ्या पुन्हा जागेवर बसतात, आग विझविण्याच्या नळकांड्यांवरच्या तारखा बदलतात आणि हजेरीपुस्तकाच्या रिकाम्या रकान्यांत सह्या भरल्या जातात. या धावपळीला कोणी इतिहासाचा विषय मानत नाही. परंतु सुमारे दीडशे वर्षांच्या कारखाना कायद्यांचा मागोवा घेतला असता एक गोष्ट वारंवार पुढे येते. कायद्यात काय लिहिले आहे यापेक्षा तपासणीची तारीख आधी कोणाला कळते, यावर कामगाराची सुरक्षितता अधिक अवलंबून राहिली आहे. काही तयारी एका रात्रीत होते, काही वर्षभर केल्याशिवाय होतच नाही. आणि तारीख आधी कळली की पहिली दुसरीची जागा घेते. प्रस्तुत लेखात या दोन तयाऱ्यांचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कारखाना, दरोगा आणि मुहतसिब

'कारखाना' हा शब्दच फारसी आहे. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशाही कारखान्यांची सविस्तर माहिती येते. दरोगा देखरेख करी, तहवीलदार माल ताब्यात ठेवी, मुश्रिफ हिशेब लिही. मराठेशाहीतील 'अठरा कारखाने, बारा महाल' ही विभागणी त्याच परंपरेतली. हजेरी, दफ्तर, मुकादम हे आजच्या कारखान्यातील रोजचे शब्दही याच वाटेने मराठीत व गुजरातीत आले. मात्र या जुन्या कारखान्यांतील तपासणी मुख्यतः मालाची होती. किती रेशीम आले, किती वस्त्र तयार झाले, किती शिल्लक राहिले, याची मोजदाद होई. काम करणाऱ्या हातांना इजा झाली का, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

हातांचा प्रश्न वेगळ्या पदाकडे होता. इब्न खल्दून याने चौदाव्या शतकात 'मुकद्दिमा'मध्ये मुहतसिबाची कर्तव्ये सांगितली आहेत. हमालांवर व नावांवर वाजवीपेक्षा जास्त ओझे लादू न देणे, कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत मालकाला पाडावयास लावणे, मुलांना फार मारणाऱ्या शिक्षकाला आवर घालणे अशी कामे त्यात येतात. तक्रार येण्याची वाट पाहण्याचे बंधन मुहतसिबावर नाही, हेही तो स्पष्ट करतो. न्यायाधीशापुढे वादी उभा राहावा लागतो. मुहतसिब मात्र स्वतः बाजारात फिरतो. आधुनिक कारखाना निरीक्षकाचे मूळ येथे शोधणे अनैतिहासिक ठरेल, कारण ते पद इंग्लंडच्या कायद्यांतून आले. तथापि ज्याचे नुकसान होते त्याला तक्रार करणे परवडत नाही, म्हणून कोणीतरी न बोलावता जाऊन पाहिले पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडे सारखी आहे.

चुन्याची जन्मकथा

इंग्लंडमध्ये १८०२ साली सूतगिरण्यांतील उमेदवार मुलांसाठी जो कायदा झाला, त्यात गिरणीच्या भिंती व छत वर्षातून दोन वेळा चुन्याने सारवावे असे कलम होते. तपासणीसाठी दोन अवैतनिक पाहुणे नेमावयाचे, त्यांपैकी एक न्यायदंडाधिकारी व दुसरा धर्मोपदेशक. हे पाहुणे बहुधा गिरणीमालकांच्याच वर्तुळातले असत आणि कायदा कागदावरच राहिला. पगारी निरीक्षक १८३३ च्या कायद्याने आले, तेही प्रथम केवळ चार. यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती १८४४ मध्ये झाली. म्हणजे चुना आधी आला, पगारी निरीक्षक एकतीस वर्षांनी आणि जाळी त्याहूनही उशिरा.

हा चुना भारतीय कायद्यातही टिकून राहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अकराव्या कलमानुसार भिंतींना किमान चौदा महिन्यांतून एकदा चुना वा रंग द्यावा लागे आणि त्याची तारीख नोंदवहीत लिहावी लागे. ओलसर, तंतूंनी भरलेल्या हवेत भिंत स्वच्छ ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने रास्तच होते. पण चुना ही एका रात्रीत होणारी आणि दारातूनच दिसणारी गोष्ट आहे, आणि तपासणीच्या तयारीत ती नेहमी पहिली का येते याचे उत्तर एवढ्यातच मिळते.

मुंबई इलाखा : खानदेशातील जिन आणि मुंबईची गिरणी

मुंबई सरकारने १८७५ मध्ये पहिली कारखाना चौकशी समिती नेमली. त्यानंतर १८८१ चा पहिला भारतीय कारखाना कायदा आला. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले गेले. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळण्यात आले. या एका वाक्याने खानदेश, भडोच व सुरत भागातील कापसाच्या हंगामी जिन-प्रेसचा मोठा भाग कायद्याबाहेर गेला. १८८४-८५ च्या चौकशीत खानदेशातील जिनांची जी हकीकत पुढे आली ती आजही वाचवत नाही. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि घाईच्या दिवसांत तीच माणसे, त्यांत बायकाही, रात्रंदिवस राबत.

याच सुमारास, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन चौकशी समितीला देण्यात आले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, ही मागणीही त्याच निवेदनात होती. तिचा उल्लेख क्वचितच केला जातो. निरीक्षकाच्या अहवालात न दिसणारी जखम निवेदनात दिसते, हे अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे आहे.

निरीक्षण कोण करी, हा पुढचा प्रश्न. लँकेशायरमधील अनुभवी निरीक्षक मीड-किंग यांना १८८२ मध्ये काही काळ मुंबईत आणण्यात आले. पण बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकारी हाच पदसिद्ध निरीक्षक होता. महसूल, फौजदारी, दुष्काळ आणि दौरे सांभाळून त्याने कारखानाही पाहावयाचा. साहेबांचा दौरा गुप्त राहणे शक्यच नव्हते. मुक्कामाचा तंबू, घोडे आणि शिधा यांची व्यवस्था आधी होई, आणि तिची वार्ता तालुक्यात सर्वांना असे. १८९१ च्या कायद्याने मर्यादा पन्नास कामगारांवर आली, नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले. तरीही १९०८ च्या कारखाना मजूर आयोगाला अनेक ठिकाणी नऊ वर्षांखालील मुले आणि प्रौढांइतकाच वेळ राबणारी चौदा वर्षांखालील मुले आढळली. पदसिद्ध निरीक्षकांना ना वेळ होता ना यंत्रांचे ज्ञान, हे आयोगाने मान्य केले. १९११ च्या कायद्यानंतर पूर्णवेळ निरीक्षकांची व्यवस्था हळूहळू वाढली. १९२२ मध्ये मर्यादा वीस कामगारांवर आली.

या सर्व काळात हातमागाचे घर कायद्याच्या बाहेरच राहिले, कारण कायदा यंत्रशक्तीशी बांधलेला होता. उत्तरेकडून मालेगाव, भिवंडी व मुंबईच्या मदनपुऱ्यात आलेल्या मोमीन विणकरांचे माग घरात होते. पुढे त्याच घरांत विजेचे माग आले आणि घर व कारखाना यांतील सीमारेषा पुसट झाली. सुरतेच्या यंत्रमागांकडे वळताना हा धागा उपयोगी पडतो.

१९४९ : तीस दिवसांतील तीन घटना

पलसाणा मात्र या ब्रिटिश कायद्यांच्या कक्षेत नव्हते. ते बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा गायकवाडी मुलखात आपोआप लागू होत नसे. बडोद्याने पुढे स्वतःचे कारखाना कायदे केले. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम अमरेलीत १८९३ मध्ये आणि नंतर १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात आणले. मुलाला शाळेत बसविणे हा मुलाला यंत्रापासून दूर ठेवण्याचा दुसरा मार्ग होता, आणि निरीक्षकापेक्षा शाळामास्तर रोज हजर असतो. पलसाण्यात त्या काळी शेतीच मुख्य असल्याने प्रश्न तितका तीव्र नव्हता.

१९४९ च्या वसंतात तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. १९४८ चा कारखाना कायदा १ एप्रिल रोजी अंमलात आला. ७ एप्रिल रोजी भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कामगार-निरीक्षणविषयक ८१ क्रमांकाच्या करारास मान्यता दिली. आणि १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन पलसाणा नव्या सुरत जिल्ह्याच्या वाट्याला आले. त्यामुळे या तालुक्याला नवा कायदा आणि त्यामागचे आंतरराष्ट्रीय वचन एकदमच मिळाले.

या करारातील बाराव्या कलमाला येथे विशेष महत्त्व आहे. निरीक्षकाला दिवसा वा रात्री, कोणतीही पूर्वसूचना न देता, तपासणीस पात्र ठिकाणी मोकळेपणाने प्रवेश करता आला पाहिजे, असे ते सांगते. आपण आल्याची वर्दी मालकाला देणे तपासणीस बाधक वाटत असेल तर तीही न देण्याची मुभा निरीक्षकाला आहे. पंधराव्या कलमानुसार तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावयाचे आणि तक्रारीवरून तपासणी झाली हेही मालकास कळू द्यावयाचे नाही. १८८१ पासूनच्या अनुभवाला दिलेले हे उत्तरच होते.

१९४८ चा कायदाही या बाबतीत भोळा नव्हता. यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो लागू होई. आठवड्याचे ४८ तास त्यात आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना तयार झालेली आणि १९४६ मध्ये संमत झालेली दुरुस्ती यामागे होती. कलम १०३ तर विशेष वाचनीय आहे. यंत्रे सुरू असताना जो माणूस कारखान्यात आढळेल तो, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तेथील कामगारच मानावा, असे ते सांगे. जेवणाच्या वा विश्रांतीच्या वेळेपुरता अपवाद होता. 'हा कामाला नाही, भावाला डबा द्यायला आला आहे' या उत्तराला विधिमंडळाने दिलेले हे प्रत्युत्तर होय. मागच्या दाराने माणसे बाहेर काढणे ही किती जुनी रीत असावी, याचा पुरावा कायद्याच्या मजकुरातच सापडतो.

एकाच छपराखाली दोन तपासण्या

रंगाई-छपाईच्या कारखान्यात बॉयलर असतो, उच्च दाबाखाली चालणारी जेट यंत्रे असतात, कापड ताणून सुकविणारी स्टेंटर यंत्रे असतात. यांपैकी बॉयलरच्या तपासणीची गोष्ट निराळी आहे. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ चा कायदा झाला, आणि १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालून २०२५ च्या नव्या कायद्याने बदलला. १९२३ च्या कायद्यात निरीक्षकाने किमान दहा दिवस आधी तारीख कळवावी आणि मालकाने त्या दिवशी बॉयलर योग्य रीतीने तयार ठेवावा, असे बंधन होते. याचे कारण उघड आहे. पेटलेला बॉयलर आतून पाहता येत नाही. तो विझवून, थंड करून, रिकामा करून, उघडून आणि आतील क्षार खरवडून द्यावा लागतो. येथे पूर्वसूचनेशिवाय तपासणी शक्यच नाही आणि तयारी हाच तपासणीचा भाग आहे.

फरक आहे तो वस्तूच्या स्वभावात. बॉयलरची झीज पंधरा दिवसांत लपविता येत नाही. पत्रा पातळ झाला असेल तर तो पातळच सापडेल. याउलट बंद केलेला जिना तासाभरात मोकळा करता येतो आणि साहेब गेल्यावर तासाभरात पुन्हा गाठोड्यांनी भरता येतो. जाळी बसविता येते आणि काढताही येते. अशा गोष्टींची तपासणी अचानकच व्हावयास हवी. परंतु व्यवहारात दोन्ही तपासण्यांना एकच शिस्त लागली आणि बॉयलरची पद्धत सर्व कारखान्याला चिकटली. कारखान्यातील सर्वात धोकादायक यंत्र त्यामुळे तुलनेने चांगले सांभाळले जाते आणि दरवाजा, गल्ली, विजेची वायर, रसायनाचे पिंप यांकडे दुर्लक्ष होते, असे म्हणावयास जागा आहे.

जी तयारी एका रात्रीत होत नाही तिच्यासाठी कायद्यानेही लांब मुदती घातल्या होत्या. माल व माणसे वाहणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि साखळ्या, दोर, क्रेन यांची दर बारा महिन्यांनी जाणकाराकडून परीक्षा व्हावयाची. दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती हाताळणारा प्रशिक्षित माणूस हवा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये जे नवे प्रकरण कायद्यात आले, त्याने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत आपत्कालीन योजना आणि कामगार-व्यवस्थापन यांची समसमान सुरक्षा समिती आवश्यक केली. समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आदल्या रात्री लिहिता येते, हे खरे. पण धोक्याची घंटा वाजल्यावर कोणत्या बाजूला धावावयाचे, हे कामगाराला आदल्या रात्री शिकविता येत नाही. ओडिया, भोजपुरी, अहिराणी आणि गुजराती बोलणाऱ्या चार माणसांना एकाच भाषेतली पाटी वाचता येईलच असेही नाही.

नोंदीबाहेरचे पलसाणा

दक्षिण गुजरातच्या श्रमिकांचा अनेक दशके अभ्यास करणारे डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांच्या लेखनात, विशेषतः 'फुटलूज लेबर' (१९९६) या ग्रंथात, सुरत परिसरातील यंत्रमाग व हिरे उद्योगांचे आणि बारडोली भागातील ऊसतोडीचे चित्र आहे. एकाच शेडमधील माग अनेक नावांखाली वाटून प्रत्येक नावावर दहापेक्षा कमी कामगार दाखविण्याची रीत या भागात सर्वपरिचित आहे. हीही तपासणीची तयारीच. फक्त ती तपासणी येऊच नये म्हणून केलेली. खानदेश व डांगकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांचा प्रश्न याहून निराळा. साखर कारखान्याच्या आत कारखाना निरीक्षक जाऊ शकतो. ज्या फडात कोयता चालतो तेथे त्याचे कार्यक्षेत्र नाही.

१८ ऑक्टोबर २०२१ च्या पहाटे कडोदऱ्याजवळच्या वरेली येथे एका पॅकेजिंग कारखान्याच्या बहुमजली इमारतीला आग लागली. दोन कामगारांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या शंभराहून अधिक कामगारांना क्रेनच्या साहाय्याने उतरवावे लागले. या एका घटनेवरून त्या कारखान्याच्या आधीच्या तपासण्यांविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु माणसांना जिन्याऐवजी क्रेनने उतरावे लागते तेव्हा सुटकेची वाट हा प्रश्न नोंदवहीतून उठून रस्त्यावर येतो.

महाविद्यालयात आर्थिक वा सामाजिक इतिहास शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने येथे एक पद्धतीचा प्रश्न आहे. कारखाना निरीक्षकांचे वार्षिक अहवाल हे या विषयाचे प्रमुख साधन मानले जाते. ते अमूल्य आहेतच. पण त्यांत दिसणारा कारखाना हा बहुधा तयार केलेला कारखाना आहे. त्याच्या शेजारी रुग्णालयातील जखमींच्या नोंदी, नुकसानभरपाईचे दावे, कामगारांची निवेदने आणि गावाकडे परतलेल्या माणसांच्या आठवणी ठेवल्या तरच तयारी नसलेल्या दिवसांचा कारखाना दिसू लागतो. लोखंडे यांच्या निवेदनातील जखमेची मागणी अशीच दुसऱ्या बाजूने सापडते. नंदुरबार वा शिरपूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या घरांतून असे पुरावे आजही मिळू शकतील, आणि त्यासाठी मोठ्या ग्रंथालयाची गरज नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये 'श्रम सुविधा' पोर्टल सुरू केले आणि कोणत्या आस्थापनेची तपासणी करावयाची हे संगणक ठरवू लागला; अहवाल ७२ तासांत चढवावयाचा. निरीक्षकाच्या मर्जीला व चिरीमिरीला आळा बसावा हा त्यामागचा उद्देश सांगितला गेला, आणि ती तक्रार खोटी नव्हती. मात्र संगणकाच्या सोडतीत कामगाराच्या तक्रारीला कितपत स्थान राहते, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुढे २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. निरीक्षक आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी 'कारखाना' ठरण्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर गेली. दहा वा अधिक कामगारांची आस्थापना म्हणून नोंदणीचे बंधन राहिले, पण कारखाना म्हणून असलेली बंधने वीसखालच्या शेडला उरली नाहीत. १९२२ मध्येही मर्यादा वीसच होती. पलसाण्यातील पंधरा कामगारांची यंत्रमाग शेड १९४८ च्या कायद्यानुसार कारखाना होती, मग हजेरीपुस्तकात नावे पंधरा असोत वा नऊ. आता ती पंधरा नावे खरी लिहिली, तरी ती कारखाना ठरत नाही.